दोघांची शिडाची बोट: कोल्हापूरहून घाट उतरून विजयदुर्ग ते वेंगुर्ला

कोल्हापूरकरांना समुद्र वाटतो तेवढा लांब नाही. गगनबावड्याहून घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत गेलं की चार तासांच्या आसपास विजयदुर्गचा धक्का लागतो. आंबा घाटाने रत्नागिरी, फोंडा घाटाने देवगड-मालवण. शनिवार-रविवार बोटीवर काम करून सोमवारी दुकान उघडता येईल इतकंच हे अंतर. ज्या जोडप्यांना २६ ते ३० फुटी शिडाची बोट घेऊन हिवाळ्यातले चार-पाच महिने या खाडीतून त्या खाडीत असं राहायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. बोटीवर माणसं दोन असली तरी कामाला बहुतेक वेळा एकच असतं. एक झोपलेलं असतं, नाहीतर खाली स्वयंपाक करत असतं, नाहीतर त्याला बोट लागलेली असते. म्हणून बोट निवडताना, दोर मांडताना, सराव करताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: हे काम दोघांपैकी कुणालाही एकट्याने जमेल का? जमत नसेल तर माणसाला दोष देऊ नका, सामान बदला. नांगर जड असेल तर हाताने फिरवायचा विंडलास (साखळी वर ओढणारा रहाट) बसवा. मेनसेल (मुख्य शीड) चढवायला ताकद पुरत नसेल तर चांगला पुली-ब्लॉक आणि विंच (दोर ओढायचा छोटा रहाट) लावा.

शिक्षणही वेगवेगळं घ्या. एकाच होडीत शिकलात तर एक जण सुकाणू धरतो, दुसरा दोर ओढत राहतो, आणि ही वाटणी कायमची होऊन बसते. आधी दोघांनी स्वतंत्रपणे लहान डिंगीवर शीड शिकावं, मग मोठ्या बोटीवर यावं. इंजिनची बोट हाताळणं आणि जीवरक्षण यांचे अभ्यासक्रम गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत चालतात. तेही दोघांनी करावेत. २०२४-२५ मध्ये नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी ‘तारिणी’ या ५६ फुटी बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तिथेही एक झोपली की बोट दुसरीच्या एकटीच्या हाती असायची.

हंगाम आणि वारा

यांत्रिक मासेमारीवरची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या जोमाने बाहेर पडतात. त्यांचं बघून आपली लहान शिडाची बोट ऑगस्टमध्ये काढू नका. पावसाळी लाट सप्टेंबर संपेपर्यंत किनाऱ्यावर आपटत असते आणि त्यानंतर अरबी समुद्रातल्या वादळांचे दिवस येतात. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं होतं. दुसऱ्या टोकाला ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये आणि ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला. आमच्या मते सुरक्षित हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा. १५ मेच्या आत बोट जमिनीवर आलेली हवी.

या महिन्यांत किनाऱ्याजवळचा वारा घड्याळासारखा चालतो, आणि शाळेत शिकलेले खारे वारे, मतलई वारे इथे खरोखर कामाला येतात. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, ६ ते १० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). तो दहा-अकराच्या सुमारास पडतो. तासभर पाणी तेलासारखं होतं. मग साडेबारा-एकपासून वायव्येकडून खारा वारा भरतो, दुपारी १२ ते १६ नॉटपर्यंत जातो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो.

यावरून प्रवास असा आखायचा. दक्षिणेला, म्हणजे विजयदुर्गहून देवगड-मालवणकडे जायचं असेल तर उजाडल्यावर निघा. सकाळी मतलईवर आडव्या वाऱ्याने, दुपारी खारा वारा पाठीशी. उत्तरेला यायचं असेल तर सगळा पल्ला मतलईत उरकायचा आणि दुपारी बारापर्यंत नांगर टाकायचा. दुपारच्या वायव्य वाऱ्याला तोंड देत नागमोडी उत्तरेला चढायचं म्हटलं तर १० मैलांचे १६ होतात आणि तिन्हीसांजेला अजून बाहेरच असता.

तासांचा हिशेब ४ नॉटने धरा. बोट ६ नॉटने पळते हे खरं, पण सरासरी तेवढी कधीच पडत नाही. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. या किनाऱ्याची दिशा जवळपास उत्तर-दक्षिण असल्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांतला फरक काढला की अंतराचा कच्चा अंदाज लगेच मिळतो. विजयदुर्ग साधारण १६ अंश ३३ मिनिटांवर, देवगड १६ अंश २३ मिनिटांवर: दहा-अकरा मैल, म्हणजे अडीच-तीन तास.

बोट कशी असावी

दोघांना राहायला २६ ते ३० फूट पुरते. त्याहून मोठी घेतली की शिडं, नांगर, रंग, जागेचं भाडं सगळंच वाढत जातं आणि एकट्याने आवरणं कठीण होतं. पाण्याखालची खोली १.४ मीटरच्या आत ठेवा; आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. दोन कील (तळाखालचे जड पंख) असलेली बोट मिळाली तर उत्तम, कारण ओहोटीला ती वाळूवर सरळ उभी राहते आणि तळ घासायला क्रेन लागत नाही.

जुनी फायबरची बोट घेताना घाई करू नका. प्लॅस्टिकच्या हातोडीने सगळा तळ आणि डेक हळू वाजवत जा. टणक आवाज आला तर ठीक, बोदा आला तर आतले थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. डोलकाठीच्या तारा जिथे डेकला बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट आतून उघडून बघा. डेकमधून पाणी झिरपून तिथेच गंज बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तारांचं वय विचारा. दहा-बारा वर्षांच्या पुढे गेल्या असतील तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. पाण्याखालचा प्रत्येक सीकॉक (तळातल्या भोकावरचा व्हॉल्व्ह) हाताने उघडबंद झाला पाहिजे. शाफ्टच्या ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून) शाफ्ट फिरत असताना अर्ध्या मिनिटाला एखादा थेंब पडावा, बंद असताना पडू नये. फिरत असताना अजिबात पडत नसेल तर ग्लँड जास्त आवळलाय, शाफ्ट तापून घासतोय.

इंजिन १० ते २० हॉर्सपॉवरचं इनबोर्ड डिझेल असावं. तासाला दीड ते दोन लिटर धरा.

उद्यमनगरचा फायदा

कोल्हापूरच्या माणसाकडे एक गोष्ट आहे जी किनाऱ्यावर सहज मिळत नाही: शिवाजी उद्यमनगर. चेनप्लेट, नांगराचा बो-रोलर, रेलिंगचे पाय, सोलर पॅनेलची फ्रेम हे सगळं इथे नीट करून मिळतं. फक्त धातूबाबत ठाम राहा. ‘एसएस’ म्हणून दिलं जातं ते बहुधा ३०४ असतं. खाऱ्या पाण्यात त्याला भेगांतून तपकिरी गंज फुटतो. ३१६ मागा, मटेरियलचा दाखला मागा आणि मॉलिब्डेनम ओळखणारी टेस्टिंग किट वापरून स्वतः खात्री करा. चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, त्या तपासावर विसंबू नका. पाण्याखाली पितळही नको, त्यातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ स्पंज उरतो, ब्राँझच हवं. वेल्डिंगनंतर पिकलिंग (आम्लाने साफ करणं) करून घ्या, नाहीतर गंज आधी वेल्डच्या कडेलाच बसतो.

भरती-ओहोटी

मुंबईत ऐकलेले भरतीचे आकडे इथे लागू नाहीत. रत्नागिरी ते वेंगुर्ला पट्ट्यात उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) त्याच्या निम्मं. नेमक्या वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती तक्त्यातून घ्या. तक्ता हाताशी नसेल तर कोळ्यांचा जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी लागते. खाडीत शिरण्याची वेळ ठरवताना तक्ताच वापरा, तिथीचा हिशेब पडताळणीला ठेवा.

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी हलतं, खाडीत ओढही तेव्हाच जोराची असते.

दांडा असलेल्या खाडीत, उदाहरणार्थ आचरा किंवा पूर्णगड, भरतीच्या शेवटच्या दोन तासांतच शिरा. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून वायव्येची लाट आली की ती दांड्यावर फुटते आणि बोट आडवी करते. हे संकट बाहेरून दिसत नाही. समुद्राकडून लाटेची पाठ दिसते, फेस पलीकडच्या बाजूला असतो. दुपारी शिरण्याचा एक फायदा आहे: पश्चिमेचं ऊन पाठीशी असल्यामुळे खडक आणि उथळ पाण्याचा रंग दिसतो. सकाळी पूर्वेकडे तोंड करून आत जाताना सगळं पाणी चकाकतं.

नांगर: इथे वेळ घालवा

दोघांच्या बोटीवरची भांडणं बहुतेक नांगर टाकतानाच होतात, कारण एक पुढे नाळीवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) आणि एक मागे सुकाणूवर, मध्ये इंजिनचा आवाज. ओरडू नका. चार खुणा ठरवा: हात पुढे म्हणजे पुढे चला, मूठ म्हणजे न्यूट्रल, हात मागे म्हणजे रिव्हर्स, डावी-उजवीकडे बोट दाखवलं म्हणजे तिकडे वळा.

२८ फुटी बोटीला १० ते १२ किलोचा नांगर, ८ मिलिमीटरची ३० मीटर गॅल्व्हनाइज्ड साखळी आणि पुढे १४ मिलिमीटरचा ४० मीटर नायलॉन दोर लागतो. साखळीवर दर ५ मीटरला रंगाची खूण करा. शॅकलची (नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधून टाका, नाहीतर हेलकाव्यांनी ती हळूहळू सुटते. असाच दुसरा, थोडा हलका नांगर मागे तयार ठेवा.

तळ कसला आहे ते आधी बघा. शिशाच्या वजनाच्या तळाशी खळगा असतो, त्यात धुण्याचा साबण दाबून भरा आणि दोरीने खाली सोडा. वर आल्यावर साबणाला काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. काळपट, गुळगुळीत चिखल, की खसखशीत वाळू, की शिंपल्यांचा चुरा. काहीच चिकटलं नाही आणि साबणावर ओरखडे आले तर खाली खडक आहे, तिथून हला. मालवणच्या पाण्यात हे अजून महत्त्वाचं. तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळावर नांगर टाकून जे मोडतं ते परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात. वाळू दिसली तरच टाका.

साखळी किती सोडायची? भरतीला असेल ती खोली धरा. समजा ओहोटीला ४ मीटर पाणी दिसतंय, २ मीटर चढणार आहे, आणि नाळ पाण्यापासून १ मीटर वर आहे. झाले ७. साखळी असेल तर पाचपट, म्हणजे ३५ मीटर. दोर जास्त असेल तर सातपट. हे ४ च्या पाचपट २० वर थांबवलं तर मध्यरात्री भरतीला नांगर उचटतो, आणि वारा पडलेला असल्यामुळे बोट न कळता सरकत जाते.

मग क्रमाने:

१. वाऱ्याला तोंड करून हळू या आणि बोट पूर्ण थांबू द्या.
२. बोट मागे सरकू लागली की नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा. ढीग पाडू नका. बोट मागे जाईल तशी साखळी लांबवत न्या.
३. पूर्ण लांबी गेल्यावर पंधरा मिनिटं काहीही करू नका. आपल्या खाड्यांचा चिखल मऊ आहे. नांगराला स्वतःच्या वजनाने बसायला वेळ लागतो. लगेच रिव्हर्स मारलात तर तो चिखलावरून नांगरासारखा नव्हे, फावड्यासारखा ओढला जातो.
४. आता रिव्हर्स हळूहळू वाढवा, हजार ते दीड हजार आरपीएमपर्यंत. साखळीवर हात ठेवा. नीट बसला असेल तर साखळी ताणून स्थिर राहते. थरथर, खरखर हाताला लागली तर नांगर घसरतोय.
५. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा माड आणि त्यामागचा खांब. अर्ध्या तासाने परत बघा. खाडीत पाणी उलटलं की बोट फिरते, तेव्हा पुन्हा.

रात्री पांढरा दिवा लावणं बंधनकारक आहेच, पण तो फक्त डोलकाठीच्या टोकावर ठेवू नका. पहाटे निघणाऱ्या होडीतला माणूस पाण्याच्या पातळीवर बघत असतो. दुसरा दिवा डेकपासून दोन मीटरवर टांगा. नांगर टाकण्याआधी शेजारच्या होडीवर विचारा: “तांडेल, रात्री होड्यांची वाट इथूनच आहे का?” या एका प्रश्नाने झोप वाचते.

पहिल्या हंगामाचे पल्ले

विजयदुर्ग मुक्कामाचं बंदर म्हणून निवडण्याला कारण आहे. वाघोटण खाडीच्या मुखाशी दांडा नाही आणि आत वाऱ्यापासून चांगला आडोसा आहे. आंग्र्यांनी जहाजांची गोदी याच खाडीत बांधली. शिरताना किल्ल्याच्या पश्चिमेला मोकळी जागा सोडा, तिथे पाण्याखाली जुनी भिंत आहे.

पहिला महिना खाडीतच. नांगर टाकणं-काढणं, रीफ घेणं (वारा वाढला की शीड आखूड करणं), बोयाजवळ थांबणं, प्रत्येकाने एकट्याने. दुसरा सांगणार नाही, बोलणार नाही, फक्त बसून राहील.

मग विजयदुर्ग ते देवगड. देवगडची खाडी आडोशाची आहे, पण मासेमारी होड्यांची गर्दी असते, त्यामुळे धक्क्याला न लावता नांगरावर राहा.

देवगड ते मालवण सुमारे २० मैल. मालवण पहिल्यांदा एकट्याने करू नका. सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक आहेत, शिवरायांनी कुरटे बेट निवडलं ते यासाठीच. चार्टवर वाट दिसते, तरी पहिल्या वेळी गावातल्या जाणत्या माणसाला बोटीवर घ्या, त्याचे पैसे द्या, आणि आत जाताना जीपीएसवर ट्रॅक नोंदवून ठेवा. बाहेर पडताना तोच ट्रॅक उलटा.

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यात निवती आणि वेंगुर्ला रॉक्सचे खडक आहेत. दोन्हींपासून लांब राहा. तेरेखोल ओलांडलं की गोव्याची हद्द, तिथे कॅप्टन ऑफ पोर्ट्सचे नियम लागतात.

वाऱ्यात रीफ कधी घ्यायचा? मनात आलं तेव्हाच. लहान बोटीत १४-१५ नॉटला पहिला रीफ, २० ला दुसरा. एकट्याने रीफ घेण्याची सोपी रीत म्हणजे आधी बोट थांबवणं: वाऱ्यातून तोंड फिरवा, पण जिबची (पुढच्या शिडाची) शीट, म्हणजे ते ताणणारा दोर, सोडू नका. जिब उलट्या बाजूने भरते. मेनसेल ढिली करा आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या बाजूला बांधा. बोट एका जागी हेलकावत राहते, हात मोकळे. जेवण करायलाही हीच रीत.

जाळी

या किनाऱ्यावर खडकांपेक्षा जाळ्यांचा धोका मोठा. किनाऱ्याजवळ सकाळी रापण लागलेली असते: अर्धवर्तुळात जाळं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर माणसांच्या हातात. किनाऱ्यावर रांगेने माणसं मागे झुकून ओढताना दिसली की निदान मैलभर बाहेरून जा. खोल पाण्यात वाहती जाळी असतात, एका टोकाला झेंडा, दुसऱ्या टोकाला होडी. झेंडा आणि होडी यांच्या मधून जायचं नाही. रात्री ही जाळी दिसतच नाहीत. दोघांच्या बोटीने इथे रात्री प्रवास करण्याची गरज नाही, सगळे पल्ले दिवसाचे आहेत.

पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलं तर ताबडतोब न्यूट्रल. रिव्हर्स मारून सुटत नाही, उलट दोर वितळून शाफ्टवर घट्ट बसतो. जिब थोडी उघडून बोट किनाऱ्यापासून दूर न्या किंवा पाणी २० मीटरच्या आत असेल तर नांगर टाका. इंजिनची किल्ली काढून पाण्यात उतरणाऱ्याच्या गळ्यात घाला. उतरणाऱ्याला दोर बांधलेला, मास्क लावलेला, हातात जाड मोजे, दाते असलेला चाकू. लाट असेल तर उतरू नका. बोटीचा मागचा भाग आपटून डोकं फुटतं. आणि जाळं कुणाचं तरी आहे. मालक जवळ असेल तर आधी त्याला हाक मारा, कापल्यावर भरपाई द्या.

एक जण पाण्यात पडला तर

सगळ्यात जास्त सराव याचा करा, कारण वर कमी ताकदीचं माणूस उरलं असेल तर ७५ किलोचं ओलं शरीर ओढून घेणं हाताने शक्य नाही.

पडायचंच नाही, हे पहिलं. डेकच्या मधोमध पुढून मागेपर्यंत सपाट पट्टा बांधा आणि कॉकपिटमधून बाहेर पाऊल टाकण्याआधी हार्नेस त्याला अडकवा. आखूड दोरी, एक मीटरच्या आत. लांब दोरीवर माणूस पाण्यातून फरफटत जातो. झोपलेल्याला उठवल्याशिवाय दुसऱ्याने कॉकपिट सोडायचं नाही, मग काम कितीही लहान असो.

पडलाच तर: रिंग फेका, जीपीएसवरचं एमओबी (माणूस पडल्याची जागा नोंदवणारं) बटण दाबा, आणि लगेच वर सांगितलं तशी बोट थांबवा. दूर जाऊन वळून येऊ नका. दोनशे मीटरवर लाटांमध्ये डोकं दिसत नाही. मग शिडं उतरवा, पाण्यात एकही दोर लोंबत नाही हे बघा, तेव्हाच इंजिन चालू करा. वाऱ्यावरच्या बाजूने जवळ या, म्हणजे बोट वाहत त्याच्याकडे जाईल. पोहोचलात की इंजिन न्यूट्रल नव्हे, बंद.

उचलायला चारपदरी पुलीचा संच आधीपासून पिशवीत तयार ठेवा. वरचं टोक मेन हॅलियर्डला (मुख्य शीड चढवायच्या दोराला), खालचं हुकाने लाइफजॅकेटच्या कडीला, ओढायचा दोर विंचवर. मागची शिडी पाण्यातूनही उघडता येईल अशी बसवा. सरावाला २० लिटरचा कॅन तीन-चतुर्थांश भरून टाका आणि दुसऱ्याला आत झोपवून एकट्याने उचला.

राहणं

पाणी माणशी सात लिटर धरा, दोघांना १४-१५. १५० लिटरची टाकी दहा दिवस जाते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळायची. धक्क्यावरून घेतलेलं पाणी कॅनमध्ये गाळून मगच टाकीत ओता.

विजेचा हिशेब सोपा आहे. फ्रीज नसेल तर दिवे, जीपीएस, रेडिओ, पंखा, फोन मिळून दिवसाला २५ ते ३० अँपिअर-अवर. २०० वॅटचं पॅनेल हिवाळ्यात साधारण ५० देतं, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पुरते. फ्रीज घेतलात तर तो एकटाच ३५-४० खातो. आमचा सल्ला, पहिल्या वर्षी फ्रीज नको. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं.

स्वयंपाकाला तीन लिटरचा कुकर सगळ्यात चांगला. झाकण लॉक होतं, हेलकाव्यात उकळता रस्सा अंगावर येत नाही. कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि हवाबंद डब्यातलं भडंग फ्रीजशिवाय टिकतं, आणि सुकाणूवर एका हाताने खाता येतं. मासे रोज सकाळी मिळतात.

गॅसबाबत मात्र कडक राहा. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता बोटीच्या तळात साचतो, आणि एका ठिणगीत स्फोट होतो. पाच किलोचा सिलिंडर कॉकपिटमधल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, कप्प्याच्या तळाला बाहेर पाण्याकडे जाणारं भोक असावं. स्वयंपाक संपला की बटण सिलिंडरवरूनच बंद. पाइप आयएसआय खुणेचाच, आणि जोडांना दर महिन्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

बोट लागण्यावरचं औषध डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या. उलटी सुरू झाल्यावर ते पोटात राहत नाही. लागलेल्या माणसाला खाली पाठवू नका, सुकाणू हातात द्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा.

कागद आणि संपर्क

बोटीची नोंदणी आणि सर्व्हे यांसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचं रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्याचं प्रादेशिक बंदर कार्यालय. बोट विकत घेण्याआधी तिथे जाऊन त्या विशिष्ट बोटीबद्दल विचारा. व्हीएचएफ रेडिओला परवाना लागतो. चॅनल १६ कायम चालू ठेवा. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगू नका. परदेशात सहज विकले जाणारे सॅटेलाइट मेसेजरही इथे अडचणीत आणतात.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे आणि ती असायलाच हवी. निघताना सागरी पोलीस ठाण्यात बोटीचं नाव, दोघांची नावं, पुढचं बंदर सांगा. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत हाताशी. तटरक्षक दलाचा मोफत क्रमांक १५५४. कोल्हापुरात एका नातेवाइकाकडे प्रत्येक पल्ल्याची वेळ लिहून द्या: किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, कुणाला कळवायचं. हवामान रोज दोन वेळा, हवामान खात्याचं आणि हैदराबादच्या इन्कॉइसचं (सागरी माहिती सेवा केंद्राचं). बंदरावर तीन नंबरचा बावटा दिसला तर चर्चा नाही, बाहेर पडायचं नाही.

पावसाळ्याआधी

मेच्या पहिल्या आठवड्यात बोट वर काढा. तळ त्याच दिवशी, ओला असतानाच घासा. कालवं आणि शेवाळ वाळलं की सिमेंट होतं. जस्ताचे अ‍ॅनोड (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) निम्मे झिजले असतील तर बदला. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, मोकळी जागा राहिली तर दमट हवेचं पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतं. इंजिनमधून गोडं पाणी फिरवून इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) काढून ठेवा, तसाच राहिला तर पाती वाकलेल्या आकारात बसतात आणि ऑक्टोबरमध्ये तुटतात. डोलकाठी उतरवा. ताडपत्रीला दोन्ही टोकांनी हवा खेळती ठेवा.

शिडं, गाद्या, दोर, लाइफजॅकेट सगळं गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून घाटावर आणा. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत ती बुरशीने काळी होतात, कोल्हापुरात माळ्यावर नीट राहतात. सीकॉक उघडे ठेवले असतील तर तसं पुठ्ठ्यावर लिहून इंजिनच्या किल्लीला बांधा. पुढच्या हंगामात बोट पाण्यात सोडणारं माणूस दोघांपैकी कुणीही असेल.